प्याला आणि मडकें

गडकऱ्यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें. नाटककार त्याच वर्षीं जानेवारींत निवर्तले होते. आपल्या सिंधूचें आणि सुधाकराचें लोकांनीं कसें स्वागत केलें हें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. तेव्हांपासून या नाटकावर मराठींत इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत भर घालावयाची तर कांहीं तरी विक्षिप्त प्रश्न काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. तसा एक प्रश्न आम्ही येथें काढीत आहों. सुधाकराच्या प्याल्यांतलें मद्य कोणीं केलें?

प्रश्न पोरकट वाटेल. नाटकांतील प्रत्येक वस्तूची कुळकथा विचारीत बसलें तर पडदा कधीं पडावयाचाच नाहीं. तथापि शेक्सपीअरनें ऑथेल्लोच्या हातरुमालाची कुळकथा सांगितलीच आहे. तो कोणा वृद्ध जोगिणीनें भविष्यकथनाच्या आवेशांत भरला, त्याचें रेशीम कसल्या पवित्र किड्यांनीं दिलें, हें सारें आपल्याला कळतें, आणि मगच त्या रुमालापायीं एका स्त्रीचा प्राण जातो. आमच्या रंगभूमीवर ज्या वस्तूनें सर्वांत अधिक संसार बुडविले, तिला मात्र आईबाप नाहींत. प्याला तळीराम पुढें करतो. तळीरामाच्या पलीकडे काळोख आहे.

हा काळोख गडकऱ्यांना हवाच होता, असें आमचें मत आहे. सुधाकर बुद्धिमान आहे, मानी आहे, त्याची पत्नी देवतेसारखी आहे. त्याचा नाश व्हावा असें त्याच्या परिस्थितींत कांहीं नाहीं. म्हणून मद्याला नियतीचें काम करावें लागलें, आणि नियति कोणत्या भट्टींतून निघाली हें सांगण्याची सोय नसते. मद्य करणारा एखादा गरीब कुटुंबवत्सल माणूस या नाटकांत पात्र म्हणून आला असता, तर प्रेक्षकाचा राग दोन ठिकाणीं वांटला गेला असता आणि शोकांतिका ढिली पडली असती. खाडिलकरांच्या ‘विद्याहरणां’तही (१९१३) हेंच घडतें. शुक्राचार्यांच्या हातीं सुरेचें पात्र आहे, त्या पात्रापायीं शिष्याचा घात आहे, पुढें पश्चात्ताप आहे. सुरा मात्र आकाशांतून पडलेली आहे. दोन्ही नाटककारांस याबद्दल दोष देतां येत नाहीं. दोष आहे तो पुढच्या लेखकांचा. त्यांनीं गडकऱ्यांची गरज नसतां गडकऱ्यांची रीत उचलली. मराठी कथाकादंबऱ्यांतून आणि नंतर बोलपटांतून प्याले इतके फुटले कीं मोजदाद नाहीं. त्या प्याल्यांत रस कोठून आला हें पाहावयास गेलेला लेखक विरळा. तळीराम हें विशेषनाम मराठींत सामान्यनाम होऊन बसलें. पिणाऱ्याला साहित्यानें भाषेंत कायमचें नांव मिळवून दिलें. करणाऱ्याला दिलेलें असें एकही नांव नाहीं.

याचें मूळ थेट संस्कृतांत सांपडतें, आणि तेंही आमच्याच किनाऱ्यावर. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गांत रघु दिग्विजयास निघतो. कलिंगांत त्याचे योद्धे नागवेलीच्या पानांतून नारळाचें आसव पितात. पुढें पारसीकांस जिंकल्यावर द्राक्षांच्या मळ्यांत मृगाजिनें अंथरून बसतात व द्राक्षमद्यानें शीण घालवितात. मध्यंतरीं तो अपरांतांत, म्हणजे आमच्या कोंकणपट्टींत, येतो. कालिदासाची दृष्टि किती सूक्ष्म! वाऱ्यानें सळसळणारीं ताडवनें त्यानें ऐकलीं आहेत, आणि घोड्यांच्या चिलखतांच्या खणखणाटांत तो सळसळाट बुडाल्याचें तो सांगतो. खजुरीच्या, म्हणजे आमच्याकडच्या शिंदीच्या जातीच्या, झाडांना रघूचे हत्ती बांधलेले त्यानें पाहिले आहेत. ताड आहे, शिंदी आहे, थकलेली सेना आहे. पण पेय तेवढें नाहीं. महाकवीनें मद्य कलिंगाला दिलें, इराणाला दिलें, आणि अपरांताला नुसता पानांचा आवाज ठेविला. काव्याच्या दृष्टीनें तक्रारीस जागा नाहीं, परंतु योगायोग मोठा बोलका आहे.

उलट कौटिल्य पाहा. तो कवि नव्हता, कारभाऱ्यांसाठीं लिहीत होता. म्हणून ‘अर्थशास्त्रां’तील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु यांच्या कृति मापांसकट दिलेल्या आहेत. त्यांतील मधु म्हणजे द्राक्षांचें मद्य. पण आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें तें पुढचें. कुटुंबवाल्यांनीं सणसमारंभासाठीं श्वेतसुरा आणि औषधासाठीं अरिष्ट घरीं करावें अशी तेथें मुभा आहे, व किण्व निवडण्याचें काम स्त्रियांनीं आणि मुलांनीं करावें असें म्हटलें आहे. एका वाक्यांत संबंध घर उभें राहिलें! जें कवीला दिसलें नाहीं तें करवसुली करणाऱ्याला दिसलें. (अरिष्टाची ती घरगुती मुभा आम्हीं अजून सोडलेली नाहीं. तळीरामाचें नांव ऐकून कानांवर हात ठेवणाऱ्या किती तरी सोज्ज्वळ कुटुंबांत जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेतलें जातें, आणि त्यांतील मद्यार्क धायटीच्या फुलांच्या साह्यानें आंबूनच निर्माण झालेला असतो, याची चर्चा पंगतींत होत नाहीं.)

आतां कौटिल्याचें तें घर आज कोठें आहे हें पाहूं. पालघर तालुक्यांत, बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीला लागून सालवड हें गांव आहे. वसईपासून डहाणूपर्यंत पसरलेल्या ताडामाडांच्या पट्ट्यांतलेंच हें एक. येथें द्राक्षाचा मळा नाहीं आणि दगडी तळघरांत ओळीनें मांडलेलीं लांकडी पिंपें नाहींत. पण पिढ्यान् पिढ्या एका कुटुंबानें झाडें राखावीं, त्यांचा रस काढावा, तो घरच्या हातांनीं आंबवून विकावा, या अर्थानें मद्याचा मळा या पट्ट्यांत पूर्वापार आहे. त्याचें नांव वाडी. काढणाऱ्यांत मुख्य भरणा भंडारी समाजाचा; आदिवासी पाड्यांतूनही ताडी काढणारे आहेत. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी, शिंदीची ती शिंदी; भाषेनें झाड आणि रस यांची ताटातूट केलेली नाहीं.

ही विद्या सोपी नाहीं. ताडाचीं झाडें नर व मादी अशीं वेगवेगळीं असतात. नराला बोटांसारखे लांब तुरे येतात, मादीला ताडगोळे धरतात. रस दोहोंपासून मिळतो, पण दोहोंना हात वेगळा लावावा लागतो. कोंवळा तुरा दोरीनें आवळून बांधावयाचा आणि लांकडानें हलके हलके ठेंचावयाचा, तोही एक दिवस नव्हे, कित्येक दिवस. हात जड पडला तर तुरा मरतो. हात हलका पडला तर रस उतरत नाहीं. मग धारदार कोयतीनें त्याच्या टोंकाची पातळ चकती काढून खालीं मडकें अडकवावयाचें. ही चकती रोज काढावी लागते, नाहीं तर जखम सुकते आणि झाड बंद होतें. म्हणजे काढणाऱ्यानें सकाळसंध्याकाळ, पायांत दोरीचा फास अडकवून, पन्नाससाठ फूट चढलेंच पाहिजे. घरांत लग्न असो कीं सुतक असो. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत हा क्रम चालतो.

मडक्याला आंतून चुना लावला तर उतरलेला रस गोड राहतो, ती नीरा. न लावला तर तो उतरतां उतरतांच आंबूं लागतो. बाहेरून कांहीं घालावें लागत नाहीं. हवेंतील आणि मडक्याच्या अंगाला चिकटलेलीं सूक्ष्म किण्वें तें काम करतात. सकाळीं गोडसर, दुपारीं आंबट व फेसाळ, संध्याकाळीं कडक, आणि दुसऱ्या दिवशीं शिरक्याच्या वाटेवर, असें या पेयाचें आयुष्य. मद्यार्क त्यांत साधारणपणें शेंकडा चार ते सहा. गोव्यांत पाव आणि सान्नां फुगविण्याचें काम माडीच करी, हेंही येथें सांगितलें पाहिजे. रस नेहमीं प्याल्यांतच जात होता असें नाहीं.

आमच्या मतें साहित्यानें या धंद्याकडे पाठ फिरविण्याचें एक कारण येथेंच आहे. द्राक्षमद्य सांठवतां येतें. त्याला वर्ष असतें, तळघर असतें, आजोबांनीं ठेवलेली बाटली नातवाच्या लग्नांत फुटते. म्हणजे कादंबरीला लागणारा काळ त्यांत आयताच भरलेला असतो. व्हर्जिलसारख्या महाकवीनें ‘जॉर्जिक्स’चा दुसरा सर्ग बव्हंशीं द्राक्षवेलीच्या जोपासनेला दिला तो उगीच नव्हे. ताडीला उद्यां नाहीं, मग काल कोठून असणार? असें वाटतें खरें, परंतु तें चुकीचें आहे. ताड रस देण्याजोगा व्हावयास पंधरावीस वर्षें लागतात आणि पुढें तो माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ उभा राहूं शकतो. लावणारा बहुधा उतारवयाकडे झुकल्यावर त्याचा पहिला रस चाखतो; खरी कमाई मुलाची आणि नातवाची. द्राक्षमद्यांत काळ बाटलींत मुरतो, ताडींत तो खोडांत मुरतो. इतकें ध्यानांत घेणारा एखादा कादंबरीकार निघता तर एका वाडींतल्या तीन पिढ्या आणि वीस झाडें त्याला पुरलीं असतीं.

साहित्य ज्याला ओळखत नाहीं त्याला कायदा आपल्या सोयीप्रमाणें ओळखतो. मुंबई इलाख्यांत इंग्रजांच्या कागदोपत्रीं ताडाचें नांव ‘ब्रॅब’ असें पडलें होतें. हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘ब्राव्हा’वरून आला, आणि त्याचा अर्थ रानटी! कोणाच्या तरी आजानें राखलेलें झाड दप्तरांत रानटी म्हणून दाखल झालें. गंमत अशी कीं, ‘टॉडी’ हा खुद्द इंग्रजी शब्द आमच्या ताडीवरूनच गेलेला आहे. १८७८ च्या अबकारी कायद्यानें या झाडांच्या रसावर सरकारचा हात घट्ट बसला. झाडावर कर, काढण्यास परवाना, विकण्यास ठेका. स्वराज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. पुढें धोरण सैल झालें, पण तें सर्वांसाठीं सारखें सैल झालें नाहीं. २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षांपासून मद्य करण्यास उत्तेजन देणारें धोरण काढलें आणि नाशकाचे मळे नांवारूपास आले. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां तर वाइन म्हणजे दारू नव्हेच असा युक्तिवाद मोठ्या आवाजांत ऐकूं आला. आम्हांस त्या निर्णयाच्या बऱ्यावाईटाशीं येथें कर्तव्य नाहीं. शब्दाशीं कर्तव्य आहे. शेंकडा बारा मद्यार्काचा द्राक्षरस दारू नव्हे आणि शेंकडा पांचाची ताडी मात्र दारू, हा निवाडा रसायनशास्त्राचा नाहीं. तो अभिरुचीचा आहे, आणि अभिरुचि घडविण्याचें काम साहित्याकडे असतें.

या जिल्ह्यांतच त्याचें प्रत्यंतर आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बोर्डीच्या एका कुटुंबानें चिकूपासून फेसाळ मद्य करून ‘फ्रुझान्ते’ या नांवानें बाजारांत आणलें. उद्योग कल्पक आहे. नाशवंत फळाला त्यानें दुसरें आयुष्य दिलें, आणि त्याचें कौतुक झालें तें रास्तच झालें. पण चिकू मूळचा मध्य अमेरिकेचा. त्याच्या मद्याला इटालियन वळणाचें नांव, बाटली आणि मान मिळाला. शेजारच्या बांधावरचा ताड मडक्यांतच राहिला. गोवेंकरांनीं या बाबतींत आमच्यापेक्षां अधिक शहाणपण दाखविलें. काजूच्या फेणीला त्यांनीं २००९ सालींच मानांकन मिळविलें, आणि माडी काढणारा ‘रेंदेर’ हा तर कोंकणी भाषेंत आपल्या नांवानें ताठ उभा असलेला माणूस आहे.

येथें वाचक म्हणतील, तुम्ही मद्याची वकिली मांडली आहे. तसें नाहीं. ताडीच्या पायीं आदिवासींच्या घरांतले पैसे गेले आहेत, मारहाण झाली आहे, कर्जें झालीं आहेत. सिंधूचे अश्रु खोटे म्हणण्याइतके आम्ही कठोर नाहीं. परंतु करणाऱ्याला न पाहिल्यानें पिणारा वांचला, असेंही झालेलें नाहीं. झालें तें उलटेंच. शहरांतून क्लोरल हायड्रेटची भुकटी पाण्यांत कालवून केलेली बनावट ताडी विकली जाते. तिनें माणसें मेलीं आहेत. तिला झाड नाहीं, मडकें नाहीं, काढणारा नाहीं. आणि मराठी वाचकाच्या मनांत ही भुकटी व तो रस यांना नांव एकच आहे, कारण दोहोंत भेद करण्याचें साधन त्याला कोणीं दिलेंच नाहीं. निंदा करावयाची तरी वस्तु ओळखून करावी लागते.

ही ओळख साहित्य कशी करून देतें याचा उत्तम नमुना बंगालींत आहे. नरेंद्रनाथ मित्र यांची ‘रस’ ही कथा आमच्या वाचकांस मूळ रूपानें नाहीं तरी ‘सौदागर’ (१९७३) या हिंदी बोलपटाच्या रूपानें ठाऊक असेल. अमिताभ बच्चन आणि नूतन यांच्या त्यांत भूमिका होत्या. तेथें रस आंबवीत नाहींत, आटवून गूळ करतात. पण झाड शिंदीच्याच जातीचें आणि कोयतीचें कामही तेंच. मोतालेफ हा रस काढण्यांत तरबेज. त्याला सुंदर फुलबानूशीं लग्न करावयाचें आहे आणि त्यासाठीं पैसे हवे आहेत. म्हणून तो आधीं माजू खातून या विधवेशीं लग्न लावतो. तिच्या हातच्या गुळाला बाजारांत तोड नाहीं. पैसे जमतांच तो तिला सोडतो व फुलबानूला घरांत आणतो. पुढच्या हंगामांत रस तोच, झाडें तींच. पण फुलबानूचा गूळ करपतो, गिऱ्हाईक तोंड फिरवितें. अखेर हाच मोतालेफ रसाचीं मडकीं घेऊन माजूच्या नव्या नवऱ्याच्या दारीं जातो.

या कथेंत उपदेश करणारा रामलाल नाहीं. पाप किती झालें तें गुळाच्या चवीनें ठरतें, आणि शिक्षा गिऱ्हाईक देतें. झाडावर पुरुषाचें कसब आणि चुलीशीं स्त्रीचें कसब, या दोहोंवर मिळून संसार उभा असतो हें लेखकानें सांगितलें नाहीं, दाखविलें. धंद्याचें सूक्ष्म ज्ञान नसतें तर ही कथा तीन पानांत संपणारी बोधकथा झाली असती. ‘एकच प्याल्या’हून ती मोठी आहे असें आम्ही म्हणत नाहीं, गडकऱ्यांच्या भाषेचा प्रपात तेथें नाहीं आणि नसावाच. पण तिला जें साधलें तें साधण्याचा यत्न आमच्याकडे झाला नाहीं, एवढें खरें.

मराठी गद्याला धंदे दिसतच नाहींत असें मात्र म्हणतां येणार नाहीं. त्रिंबक नारायण आत्र्यांनीं ‘गांवगाड्यां’त (१९१५) घाटावरच्या खेड्याचा एकेक बलुतेदार उभा केला. चापेकरांनीं बदलापुराविषयीं लिहितांना (१९३३) ठाणें जिल्ह्यांतल्या एका गांवाचें बारीकसारीकही सोडलें नाहीं. ही परंपरा सालवडापर्यंत, ताडाच्या बुंध्यापर्यंत आली नाहीं, आणि आतां वेळ थोडा उरला आहे. तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, पाठोपाठ कारखाने वाढले. ज्याचा बाप झाड चढत होता त्याला आज कारखान्यांत पाळी मिळते, आणि ती त्यानें घ्यावी हेंच योग्य. साठ फुटांवरून हात सुटलेल्या माणसाला परंपरेचा आधार नसतो. पण तो खालीं उतरतांना तुरा आवळण्याचे, ठेंचण्याचे, चकती काढण्याचे, झाड जिवंत कीं बंद हें सांगण्याचे घरगुती शब्दही बरोबर उतरतील आणि नाहींसे होतील. ते टिपून घेण्यास कोणी प्रतिभावान कादंबरीकारच लागतो असें नाहीं. वही घेऊन एका हंगामभर वाडींत जाऊन बसणारा आत्र्यांच्या जातीचा एखादा कष्टाळू लेखकही पुरे आहे.

तोंपर्यंत या माणसाचें चित्र पाहावयाचें तर पुस्तकांत न शोधतां भिंतीवर शोधावें लागेल. डहाणू तालुक्यांतील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनीं वारली चित्रकला जगापुढें नेली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. वारल्यांच्या चित्रांत शेणामातीनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघांनीं ताड काढलेला पुष्कळदां दिसतो. शेंड्याला मडकीं आहेत, आणि खोडाला बिलगून दोन त्रिकोणांचा एक माणूस वर चालला आहे. जवळच तारपा वाजविणाऱ्याभोंवतीं फेर धरलेला असतो. तारप्याचा नळा वेळूचा आणि पोट भोपळ्याचें; पुढचा भोंगा मात्र ताडाच्याच पानाचा वळलेला असतो.